वीस फुटांची दोरी

आमच्या व्याह्यांनी आजवर एकाही माणसाचा चेहरा पाहिलेला नाही, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. ते फक्त डोळे पाहतात. नाक, मिशा, कपडे, समोरचा हसतोय की रागावलाय, यातलं काहीही त्यांच्या ध्यानात राहत नाही. माझ्या सुनेचे ते वडील. आमच्या भागात व्याह्याला इवाई म्हणतात आणि हे नातं मोठं मानाचं असतं. दोन इवाई भेटले की आधी हात जोडायचे, मग पाणी, मग चहा, मग शेतीपाण्याची चौकशी, अशी रीत आहे. आमचे इवाई दारात चप्पल काढतात, सरळ पुढे येतात आणि अंगठ्याने माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढतात. "रक्त कमी आहे," असं म्हणून मगच खुर्चीत बसतात. माझ्या धाकट्या भावाला ते चार लग्नांत भेटले असतील, पण त्याचं नाव त्यांना अजून माहीत नाही. "तो तुमचा चष्मा खिशात ठेवणारा भाऊ काय म्हणते?" असं विचारतात. बाजारातला माझा जुना हमाल त्यांच्या लेखी 'उजव्या डोळ्यात मांस वाढलेला', आमचा ड्रायव्हर 'समोरून दिवे आले की घाबरणारा', आणि मी 'डावा कच्चा'. माझं सगळं दुखणं या दोन शब्दांत आहे, म्हणून ते जरा सविस्तर सांगावं लागेल.

इवाई नोकरीभर सरकारी दवाखान्यात डोळे तपासायचं काम करत होते. ते डॉक्टर नव्हते, आणि कुणी डॉक्टरसाहेब म्हटलं की लगेच दुरुस्त करायचे. "मी फक्त कोणाले डॉक्टरकडे धाडायचं ते पाहतो," असं म्हणायचे. नरखेड तालुक्यातल्या गावागावांत एसटीने जायचं, एसटी जिथे सोडेल तिथून पायी चालायचं, शाळेत किंवा देवळाच्या सावलीत तक्ता टांगायचा आणि दिसेल त्याला खुर्चीवर बसवायचं. मीही त्याच भागातला. पोरवयात संत्र्याच्या पेट्या डोक्यावर वाहून मी सुरुवात केली आणि पुढे स्वतःच्या हिमतीवर व्यापारी झालो. झाडावर माल उभा असतानाच नजरेने जोखून अख्खा बगीचा उक्ता घ्यायचा, हा माझा धंदा. एक चक्कर मारली की किती गाड्या माल निघेल ते मी सांगतो, आणि माझा अंदाज चुकला असं म्हणणाऱ्याशी मी भांडतो. आम्ही दोघं कितीदा एकाच रस्त्याने गेलो असू, पण ते झाडाखालचे डोळे पाहत होते आणि मी झाडावरची संत्री, त्यामुळे ओळख झाली नाही.

त्यांच्या खांद्यावरच्या झोळीत चार वस्तू असायच्या: गुंडाळलेला तक्ता, छोटी बॅटरी, एक डोळा झाकायची काळी पळी आणि वीस फुटांची पांढरी सुती दोरी. दोरीला दर फुटावर गाठ. तक्ता वीस फुटांवरूनच वाचला पाहिजे, एकोणीस नाही आणि एकवीस नाही, यावर ते अडून बसत. हिंगण्याच्या रस्त्याला त्यांचं छोटं घर आहे. त्यातली सगळ्यात मोठी खोली दहा फुटांची. मग तक्ता घराच्या मागच्या भिंतीला टांगायचा, समोरचं दार उघडं ठेवायचं आणि पेशंटला गल्लीपलीकडच्या शेजाऱ्याच्या ओट्यावर बसवायचं, असा त्यांनी मार्ग काढला होता. मधून स्कूटर गेली की तपासणी थांबायची. भाजीची गाडी आली की भाजीवाल्याचीही तपासणी व्हायची, कारण तो तसाही मधेच उभा असायचा. शेजारीण वैतागून म्हणायची की माझा ओटा आता सरकारजमा करून टाका. इवाई तिला शांतपणे सांगायचे की तुमची दरवर्षीची तारीख पुढच्या महिन्यात येते आहे, विसरू नका.

तारखा त्यांना सगळ्यांच्या पाठ होत्या. वाढदिवस कुणाचाही नाही, पण कोणी शेवटचे डोळे कधी दाखवले ते बरोबर ध्यानात. लेकराला शाळेत घालायच्या आधी एकदा, चष्मा असेल तर दर साली, चाळिशी ओलांडली की काही होवो न होवो डॉक्टरकडे, आणि साखरेचा आजार असलेल्याने तर एकही वर्ष चुकवायचं नाही, हे त्यांचं वेळापत्रक. एसटीच्या कंडक्टरने तिकीट डोळ्याजवळ नेलं की इवाई त्याला पुढच्या स्टॉपवर उतरवून तपासायला निघायचे. न्हाव्याच्या खुर्चीत बसण्याआधी ते न्हाव्याला बसवायचे, कारण वस्तरा त्याच्या हातात आहे. माझ्या मुलाच्या लग्नात भटजींनी मंगलाष्टकांची एक ओळ गाळली, तर अंतरपाट हटल्याबरोबर यांनी मुलीला डोळे भरून पाहायच्या ऐवजी भटजींना कोपऱ्यात नेलं. भटजींना जवळचा चष्मा लागला हे खरं, पण ती काय वेळ होती का.

आता बैठकीचं सांगतो. लग्न ठरवायची बैठक त्यांच्या घरी होती. मी मुलाचा बाप. पूर्ण तयारीने गेलो होतो. हॉल कोणता, पंगत किती वेळा, वरात किती वाजता, सगळं डोक्यात मांडलेलं. सौद्यात आधी बोलायचं नाही, समोरच्याला बोलू द्यायचं, हा माझा नियम. चहा झाला. पंधरा-वीस नातेवाईक दाटीवाटीने बसले होते. इवाई म्हणाले, माझी एकच मागणी आहे. मुलीच्या बापाने मागणी करायची हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो, म्हणून जरा पुढे सरकून बसलो. ते म्हणाले, दोन्ही घरच्या सगळ्यांनी आज इथेच डोळे दाखवून घ्यायचे.

सगळे हसले, मीही हसलो, आणि तेवढ्यात मला शेजारणीच्या ओट्यावर नेऊन बसवण्यात आलं. गल्लीत पोरं जमली. त्या तक्त्यावर अक्षरं नसतात. तीन दात्यांच्या फणीसारखी एक खूण असते, वरच्या ओळीत मोठी आणि खाली लहान लहान होत जाणारी. दाते वर आहेत, खाली आहेत की उजवी-डावीकडे, तेवढं सांगायचं. उजव्या डोळ्याने मी शेवटच्या ओळीपर्यंत धडधडत गेलो. उजवा झाकल्यावर चौथ्या ओळीत अडकलो. म्हटलं उजेड कमी आहे. इवाई जवळ येऊन म्हणाले, माझ्या नाकाकडे पाहा, बाजूने बोट येईल, दिसलं की सांगा. मी नाकाकडे पाहत राहिलो आणि बोट कधी आणतात याची वाट बघत राहिलो. समोर उभा असलेला माझा साळा हसायला लागला, कारण बोट केव्हाचं माझ्या कानाजवळ येऊन पुढे सरकत होतं.

"तुमच्या वडलांची नजर कशी होती?" त्यांनी विचारलं.

"म्हातारपणी गेली."

"दोन्ही डोळ्यांची? दुखले होते का?"

"दुखले नाही. म्हातारपण होतं."

ते पळी झोळीत टाकून त्या सगळ्या गोतावळ्यासमोर, गल्लीला ऐकू जाईल अशा दवाखान्याच्या आवाजात म्हणाले, "डावा कच्चा आहे. काचबिंदू असू शकते. दुखत नाही, सांगत नाही, कडेकडेनं खात येते. उद्याच्या उद्या डॉक्टरले दाखवा."

बैठक मोडून उठावं असं मनात आलं होतं. पण मुलाने मुलगी पाहिली होती आणि त्याच्या दोन्ही डोळ्यांना ती स्पष्ट दिसली होती. हॉल, पंगत, वरात, यातलं काहीही मी त्या दिवशी बोललो नाही. ते म्हणाले त्याला हो म्हणत गेलो. आयुष्यात एवढा वाईट सौदा मी केला नाही. वर लग्नाच्या पत्रिका गावी पोचायच्या आधी 'वरबापाचा डावा कच्चा' ही बातमी पोचली. त्या मोसमात एका बागायतदाराशी भावावरून घासाघीस चालू असताना तो गालात हसून म्हणाला, "शेठ, उजव्या डोळ्यानं पाहून सांगा गा, डाव्यानं भाव कमी दिसते तुमाले." त्या माणसाचा बगीचा मी आजतागायत घेतलेला नाही.

या रागापायी मी डॉक्टरकडे गेलो नाही. एक वर्ष नाही, पाच वर्षं. मला सगळं नीट दिसत होतं. फक्त डाव्या बाजूने येणारे मोटारसायकलवाले फार माजले होते, हॉर्न न देता एकदम अंगावर यायचे, आणि मी त्यांना थांबवून शिव्या द्यायचो. एक बगीचा घेतला तर डाव्या हाताच्या ओळींतला बराच माल गळून पडलेला निघाला, तेव्हा शेतकऱ्याने फसवलं म्हणून मी त्याच्या अंगणात जाऊन तमाशा केला. इवाई दर दिवाळीला फोन करायचे. फराळाचं विचारायच्या आधी विचारायचे, "दाखवला का?" मी फोन बायकोकडे द्यायचो.

याच काळात बेसा भागात मी घर बांधलं. नकाशा काढत असताना इवाई आले आणि म्हणाले, मोठा हॉल करताच आहात तर वीस फूट ठेवा, म्हणजे आपल्या दोन्ही घरच्या लोकांची सोय होईल. मी मिस्तरीला बाजूला घेऊन सांगितलं, अठरा. त्याने विचारलं, जागा तर आहे शेठ, अठराच काहून. म्हटलं, अठरा म्हणजे अठरा. वास्तुशांतीला इवाईंनी झोळीतून दोरी काढली, मापली, उरलेल्या दोन गाठी हातात धरून माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची उचलून दाराबाहेर पोर्चमध्ये दोन फूट नेऊन ठेवली. तेव्हापासून आमच्याकडे ज्याचे डोळे तपासायचे तो बाहेर बसतो आणि तक्ता आत असतो. पावसाळ्यात पेशंटच्या डोक्यावर छत्री धरावी लागते.

मग ओवी झाली, आमची नात. बारशाला बायका तिच्या कानात नाव सांगत होत्या, तेव्हा इवाई पाळण्यावर वाकून लाल चेंडू इकडून तिकडे फिरवत होते. पोरगी चेंडूकडे पाहते म्हणून एवढे खूश झाले की नाव काय ठेवलं ते त्यांनी संध्याकाळी विचारलं. ती चार वर्षांची असताना एका रविवारी त्यांनी जमिनीवर बुंदी सांडली. सांडली म्हणजे मुद्दाम सांडली. तिचा डावा डोळा हाताने झाकला आणि एकेक दाणा वेचून खायला सांगितलं. तिने वेचले. मग उजवा झाकला, तर ती हात ढकलून रडायला लागली. पुन्हा डावा झाकला, पुन्हा वेचायला लागली. हा खेळ त्यांनी चार वेळा केला आणि सुनेला म्हणाले, डावा डोळा आळशी आहे, त्याने कामच सोडून दिलं आहे, सहा-सात वर्षांच्या आत धरला तर कामाला लागेल, उद्या डॉक्टरकडे न्या.

मी जेवणावरून उठून आलो. माझा डावा काढून झाला, आता माझ्या घरात बसून माझ्या चार वर्षांच्या नातीचा डावा काढता का, तिला चष्मा लागला तर पुढे काय, असं बरंच बोललो. इवाई शांतपणे बुंदी गोळा करत होते. म्हणाले, "दुखलं असतं तर तुम्हीच तिले घेऊन धावले असते. दुखत नाही म्हणून मी आहे."

डॉक्टरने तेच सांगितलं. चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, म्हणजे आळशी डोळ्याला झक मारून काम करावं लागेल. पण ओवी पट्टी लावेना. आई थकली, बाप थकला, चॉकलेटं थकली. शेवटी मी मांडीवर घेतलं. म्हटलं एक तास. ती म्हणाली नाही. म्हटलं अर्धा. ती म्हणाली, "आबा, तुमचाही डावा कच्चा आहे. आजोबा म्हणतात. तुम्ही आधी जा, मग मी." मी म्हटलं, बरं, पुढच्या महिन्यात जातो. ती म्हणाली, उद्या. मी मोठमोठे बागायतदार वाकवले आहेत, पण या पोरीने मला तसूभरही हलू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं डॉक्टरकडे बसलो होतो, ती पट्टी लावून आणि मी डोळ्यांत थेंब घालून.

काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याच्या कडा पाच वर्षांत खाऊन झाल्या होत्या आणि उजव्याला नुकती सुरुवात होती. गेलेलं परत येत नाही, थेंब कायम घातले तर आहे ते टिकतं, असं डॉक्टर म्हणाले. मला माझे वडील आठवले. शेवटी शेवटी ते विहिरीचा काठ पायाने चाचपत चालायचे आणि आम्ही म्हणायचो, म्हातारपण. मग तो शेतकरी आठवला, ज्याच्या अंगणात मी तमाशा केला होता. त्याच्याकडे नंतर गेलो. काय बोललो ते इथे लिहीत नाही.

त्या संध्याकाळी इवाई आले. त्यांनी जरा जपून बोलायला हवं होतं. पण ते पापणी ओढून म्हणाले, "बैठकीतच सांगितलं होतं." एवढंच. आणि ते खरं होतं, म्हणून मी त्यांच्याशी वर्षभर बोललो नाही.

मला ठाऊक आहे हे कसं दिसतं. माझे डोळे त्यांनी वाचवले, माझ्या नातीचा डोळा त्यांनी वाचवला, आणि इवाईंचा आमच्याकडे यायचा रविवार आला की मी नरखेडकडे निघून जायचो. त्या वर्षी मी जेवढे बगीचे पाहिले तेवढे आयुष्यात पाहिले नसतील. झाडावर फळ नसतानाही पाहिले. संध्याकाळी परत आलो की पोर्चमधली खुर्ची तिथेच असायची आणि बायको सांगायची, इवाई वाट पाहून गेले. एकदा म्हणाली, "आजकाल मान तिरपी करून पाहून राहिले जी ते." मी म्हटलं, स्वभावच तिरपा आहे. डोळ्यांवर जगणारा माणूस मी. पानाचा रंग पाहून झाडाच्या मुळाशी काय चाललंय ते ओळखणारा. तिचं ते वाक्य मी असं उडवून लावलं.

ओवीची पट्टी सुटली त्या रविवारी मात्र मी घरी थांबलो. दोन्ही डोळ्यांनी तिने तक्ता खालपर्यंत वाचला होता. आता अबोला संपवायला हवा होता, पण माघार मी घेणार नव्हतो आणि इवाईंना तर आपण भांडलो आहोत हेच माहीत नव्हतं. अशा अडलेल्या सौद्यात मधे काहीतरी गंमत टाकावी लागते. मी ओवीशी ठराव केला. तिने मोठ्या कागदावर काळ्या पेनाने नवा तक्ता काढायचा, हुबेहूब आजोबांच्या तक्त्यासारखा, फक्त फण्यांची तोंडं तिच्या मनाप्रमाणे. बदल्यात तिने मोबाईल अर्धा तास मागितला आणि मिळवला. माझा डाव असा होता की इवाई बसतील, पाहतील आणि म्हणतील, तक्ता बदलला कोणी. मी म्हणेन, चला, तुम्हालाही फसवता येतं तर. सगळे हसतील आणि वर्ष मिटेल.

इवाई आले. मी म्हटलं, जगाचे तपासता, आज तुमचा नंबर. ते खूश झाले. म्हणाले, मी दर रविवारी सकाळी स्वतःचे तपासतो, पण बसतो, लेकराची हौस. पोर्चमध्ये जाऊन खुर्चीत ताठ बसले, डाव्या डोळ्यावर पळी धरली आणि सुरू झाले. वर. उजवीकडे, खाली. डावीकडे, वर, उजवीकडे. आवाजात एक ताल होता, पाढे म्हणताना असतो तसा. पहिली खूण ओवीने योगायोगाने तशीच काढली होती. त्यानंतरची एकही जुळत नव्हती.

"आजोबा, चुकलं," ओवी म्हणाली.

ते हसले. पोरगी फसवते आहे म्हणाले, आणि दुसरा डोळा झाकून पुन्हा वरपासून, अधिक मोठ्याने, तोच पाढा शेवटच्या ओळीपर्यंत म्हणून दाखवला.

ओवी तक्त्याजवळ गेली आणि कागदावर हात ठेवून म्हणाली, "आजोबा, हा मी काढला आहे. तो तुमचा नाही आहे."

सून स्वयंपाकघराच्या दारात होती, ती तिथेच थांबली. इवाई उठले, दारातून आत आले, चालत चालत तक्त्यापाशी गेले, नाक टेकेल इतके जवळ गेले आणि मान तिरपी करून बराच वेळ पाहत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"तक्ता पाठ झाला, इवाई," ते म्हणाले.

मी भडकलो. दुसरं काही मला येतच नाही. म्हटलं, साऱ्या जगाला डॉक्टरकडे धाडता, दुखत नाही म्हणून दाखवा म्हणता, मग तुम्ही काहून नाही गेले? ते खुर्ची शोधून बसले आणि म्हणाले, "मी दर रविवारी तपासत होतो ना गा. शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर येत होतं." इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच मला गा म्हणाले, आपल्या माणसाला म्हणतात तसं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना त्याच डॉक्टरकडे नेलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला होता. दोन्ही डोळ्यांचा. कडेचं दिसत होतं, म्हणून चालता-फिरता येत होतं. नेमकं समोरचं पुसलं गेलं होतं. चाळीस वर्षं माणसांच्या बुबुळात पाहणाऱ्या माणसाचं नेमकं तेच. मी डॉक्टरशी घासाघीस केली. खरंच केली. म्हटलं, दोन्ही नाही तर एक तरी, पूर्ण नाही तर पेपर वाचण्यापुरतं तरी. डॉक्टर बिचारे समजूतदार होते. म्हणाले, इंजेक्शनांनी आहे ते थोपवू, पण वर्षभर आधी आला असता तर बरंच हाती लागलं असतं. वर्षभर आधी म्हणजे केव्हा, हे त्यांना माहीत नव्हतं. मला होतं. इवाईंनाही असावं. पण रिक्षात बसल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की डॉक्टरचा स्वतःचा चष्मा कोणत्या नंबरचा असेल, त्यांना काही दिसला नाही.

राग माझा अजून गेलेला नाही. त्यांच्यावर आहे, की मला एका शब्दाने हटकलं का नाही. आणि बायकोवर आहे, की तिरपी मान एकदाच सांगून का थांबली. रागाचा धनी कोण हे मला कळतं, पण ते सध्या राहू द्या.

मागच्या उन्हाळ्यात मिस्तरीला बोलावलं. म्हटलं, हॉलची पुढची भिंत काढ आणि दोन फूट पुढे घे. तो म्हणाला, चांगली भिंत आहे शेठ, काहून तोडता. म्हटलं, वीस म्हणजे वीस. काम झालं त्या दिवशी इवाईंनी दोरी काढली. एक टोक ओवीने आतल्या भिंतीला धरलं आणि दुसरं घेऊन ते अंगठ्याने गाठी मोजत मोजत चालत आले. नव्या भिंतीला हात टेकला, तेव्हा विसावी गाठ बोटात होती. "दोन बोटं जास्त आहे," ते म्हणाले. मी म्हटलं, असू द्या, पोरगी वाढते आहे. दोरी त्यांनी तिथेच गुंडाळून ओवीच्या हातात दिली. आता तक्ता तीच टांगते, आणि दर रविवारी नवा काढते, म्हणजे कुणाला पाठ होऊ नये. आम्ही सगळे आळीपाळीने खुर्चीत बसतो. शेजारचेही येतात. इवाई तिच्या बाजूला उभे राहून कोणाची तारीख कधी आहे ते सांगतात. ते सगळं अजून बरोबर असतं.

रविवारी ते येतात, दारात चप्पल काढतात आणि सरळ पुढे येतात. अंगठा अजून तसाच उठतो, पण हल्ली तो नेमका पोचत नाही. कधी गालावर येतो, कधी कपाळावर. मागच्या रविवारी माझ्या ओठावर आला आणि तिथेच थबकला. त्यांनी बोटांनी चाचपून पाहिलं, दोन्ही टोकांपर्यंत. "इवाई, तुमाले मिशा आहेत," ते म्हणाले.

"पहिल्यापासून आहेत," मी म्हटलं. मग मी त्यांचा हात धरला आणि अंगठा माझ्या डाव्या डोळ्याखाली नेऊन ठेवला. त्यांनी पापणी ओढली, मान तिरपी करून पाहिल्यासारखं केलं.

"रक्त कमी आहे," असं म्हणून मगच ते खुर्चीत बसले.